‘ओपाइन’ कुठे चालतं, कुठे खटकतं?

कच्चा खर्डा (धागाकर्ता)

मराठीतून इंग्रजीत केलेला मजकूर तपासायला आला की ‘ओपाइन’ (मत देणे, मत मांडणे) हे क्रियापद पावलोपावली भेटतं. सभेची इतिवृत्तं, संस्थांचे वार्षिक अहवाल, कार्यक्रमांच्या बातम्या, कशातही. परदेशी संपादक ते सरसकट खोडून ‘सेड’ करतात. कोर्टाच्या आणि दवाखान्याच्या कागदांत मात्र त्याला कुणी हात लावत नाही. नियम नेमका काय? पाच नमुने देतो, चिरफाड करा.

१) द चीफ गेस्ट ओपाइन्ड दॅट एज्युकेशन इज द फाउंडेशन ऑफ सोसायटी.
२) द मेडिकल ऑफिसर ओपाइन्ड दॅट द इंज्युरीज वेअर कॉज्ड बाय अ हार्ड अँड ब्लंट ऑब्जेक्ट.
३) द कमिटी ओपाइन्ड टू रिपेअर द टँक बिफोर मान्सून.
४) द हाय कोर्ट ओपाइन्ड दॅट द नोटीस वॉज इनव्हॅलिड.
५) आय ओपाइन दॅट द मीटिंग शुड बी पोस्टपोन्ड.

---

लाल पेन

व्याकरणात सपशेल चुकलेलं एकच, तिसरं. बाकी चारांत व्याकरणाचा दोष नाही, पण म्हणून ती चांगली आहेत असं नाही. आधी व्याकरण उरकून घेऊ.

‘ओपाइन’पुढे तीनच गोष्टी येतात. पहिली, ‘दॅट’ घेऊन येणारं पूर्ण वाक्य. ‘से’ आणि ‘थिंक’नंतरचा ‘दॅट’ बोलताना सहज गळतो (आय थिंक ही इज राइट), पण ‘ओपाइन’नंतर तो गाळू नये. क्रियापद भारदस्त आणि पुढची रचना घरगुती, असं ते विजोड दिसतं. दुसरी, थेट अवतरण: ‘टू मच सॉल्ट,’ ही ओपाइन्ड. तिसरी, ‘ऑन’, ‘अपॉन’ किंवा ‘अबाउट’ लावून विषय: शी ओपाइन्ड ऑन द बजेट.

जे येत नाही ते असं. ‘टू’ लावलेलं क्रियापद येत नाही, म्हणून ‘ओपाइन्ड टू रिपेअर’ बाद. माणूस कर्म म्हणून येत नाही, म्हणून ‘ही ओपाइन्ड मी दॅट’ बाद. तिथे ‘टोल्ड मी’. आणि ‘व्ह्यूज’ किंवा ‘ओपिनियन’ हेही त्याचं कर्म होत नाही. ‘ही ओपाइन्ड हिज व्ह्यूज’ हे मराठीत ‘मत मतवलं’ म्हटल्यासारखं आहे. व्ह्यूज ‘एक्स्प्रेस’ करायचे.

तिसऱ्या वाक्यात दुसरीही गोम आहे. समितीने टाकी दुरुस्त करा असं सुचवलं. ते मत नव्हे, शिफारस आहे. म्हणून: द कमिटी रेकमेंडेड दॅट द टँक बी रिपेअर्ड बिफोर द मान्सून. ‘इज’ नाही, ‘वॉज’ नाही, नुसतं ‘बी’. ‘सजेस्ट’, ‘रेकमेंड’, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’ या सगळ्यांपुढे काय व्हावं हे सांगताना हीच रचना. ब्रिटिश लोक इथे ‘शुड बी रिपेअर्ड’ही लिहितात, तेही चालतं. आणि ‘मान्सून’च्या आधीचा ‘द’ विसरू नका.

---

पागोळी

उच्चाराचं पण सांगा. ‘ओपिन’ की ‘ओपाइन’? बातमीपत्रात दोन्ही ऐकलंय.

---

लाल पेन

ओपाइन. ‘वाइन’, ‘फाइन’शी यमक जुळतं, आघात ‘पाइन’वर. ‘ओपिनियन’मध्ये ‘पि’ ऱ्हस्व असल्यामुळे गोंधळ होतो. स्पेलिंगमध्ये ‘पी’ एकच. ‘अपोज’मध्ये दोन असतात म्हणून इथेही दोन घालणारे बरेच दिसतात.

---

ताम्हण

लाल पेन यांनी व्याकरण सांगितलं, पण परदेशी संपादक ते खोडतो तो व्याकरणासाठी नाही, सुरासाठी.

मूळ लॅटिन ‘ओपिनारी’, म्हणजे वाटणे, समजणे. फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकात इंग्रजीत आलं. शब्दकोश त्यावर ‘फॉर्मल’ असा शिक्का मारतात आणि आपण तेवढंच वाचून थांबतो. प्रत्यक्षात ब्रिटन-अमेरिकेच्या रोजच्या लेखनात ते गंभीरपणे फारसं येत नाही. कुणी विचारलं नसताना मत ठोकणारा, आव आणून बोलणारा माणूस रंगवायचा असला की लेखक हे क्रियापद काढतात. न विचारता क्रिकेटपासून परराष्ट्र धोरणापर्यंत सगळ्यावर बोलणारा गृहस्थ ‘ओपाइन’ करतो. त्यात एक बारीक हसू असतं.

आता पहिलं वाक्य त्या कानाने वाचा. प्रमुख पाहुण्यांनी शिक्षण हा समाजाचा पाया आहे असं ‘ओपाइन’ केलं. तिकडच्या वाचकाला वाटतं, बातमीदार पाहुण्यांची टोपी उडवतोय! लिहिणाऱ्याच्या मनात तसं काहीच नसतं.

ते येतं कुठून हेही उघड आहे. मराठी बातमीचा साचा ठरलेला: ‘…असे मत त्यांनी यावेळी व्यक्त केले’. दर परिच्छेदाला एकदा. भाषांतर करणारा ‘मत’ पाहतो आणि ‘ओपाइन्ड’ टाकतो. पण मराठी बातमीतलं ‘मत व्यक्त केले’ हे बहुतेकदा नुसतं ‘म्हणाले’ असतं. शिक्षण समाजाचा पाया आहे यात मत कसलं? त्यावर कोण भांडणार आहे? तिथे ‘सेड’ पुरे. मत तेव्हाच, जेव्हा समोरचा उलट म्हणू शकतो.

---

तिरकस

म्हणजे साहेबाला हसू येतं म्हणून आपण आपली भाषा बदलायची? भारतीय इंग्रजीत ‘ओपाइन’ सरळ, तटस्थ क्रियापद आहे. इथल्या इंग्रजी दैनिकांत रोज येतं, वाचणाऱ्याला बरोबर कळतं, कुणाला हसू येत नाही. ‘प्रीपोन’ला (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) पण आधी नाकं मुरडली होती.

---

ताम्हण

तिरकसराव, मुद्दा मान्य. नाशिकच्या संस्थेचा अहवाल नाशिकचे सभासद वाचणार असतील तर ‘ओपाइन’ ठेवा, कुणाचं काही बिघडत नाही. तोच अहवाल लंडनच्या देणगीदाराला जाणार असेल तर काढा. वाचणारा कोण ते बघायचं, एवढंच.

एक तक्रार मात्र भारतीय इंग्रजीच्या आत राहूनही शिल्लक राहते. एका पानात आठ वेळा ‘ओपाइन्ड’ आलं की कोण ठामपणे म्हणालं, कोणी नुसती शंका काढली, कोणी इशारा दिला, हे सगळं एकाच रंगात रंगतं. ‘आर्ग्यूड’ म्हणजे कारणं देऊन मांडलं, ‘वॉर्न्ड’ म्हणजे इशारा दिला, ‘कन्सीडेड’ म्हणजे नाइलाजाने कबूल केलं, ‘मेंटेन्ड’ म्हणजे विरोध होऊनही धरून ठेवलं. ‘क्लेम्ड’ मात्र जपून. त्यात लिहिणाऱ्याचा अविश्वास डोकावतो.

---

काळा डगला

चौथ्या वाक्यावर बोलतो, कारण तिथे सुराचा नाही, अर्थाचा घोटाळा आहे.

न्यायालयाबद्दल लिहिताना दोन क्रियापदं काटेकोर वेगळी ठेवावी लागतात. ‘हेल्ड’ म्हणजे प्रकरणातला मुद्दा निकाली काढला. पुढच्या प्रकरणांना बांधतो तो भाग हाच. ‘ऑब्झर्व्ह्ड’ म्हणजे ओघात म्हटलं, निकाल त्यावर उभा नाही. ‘ओपाइन्ड’ लिहिलंत की दोन्हींतला फरक पुसला जातो. नोटीस अवैध ठरवली असेल तर ‘हेल्ड दॅट द नोटीस वॉज इनव्हॅलिड’. न्यायमूर्ती सुनावणीत नुसतं बोलले असतील तर ‘रिमार्क्ड’ किंवा ‘ओरली ऑब्झर्व्ह्ड’, आणि ते आदेशात आलंय का ते बघूनच बातमी. सुनावणीतला शेरा ‘कोर्ट ओपाइन्ड’ म्हणून छापला की लोक त्याला निकाल समजतात आणि फॉरवर्ड सुरू होतात.

कोर्टाबाबत ‘ओपाइन’ शंभर टक्के बरोबर बसतं अशी एक जागा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४३ खाली राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाकडे प्रश्न पाठवू शकतात आणि न्यायालय त्यावर आपलं ‘ओपिनियन’ कळवतं. असा पहिला प्रश्न १९५१ चा, दिल्ली लॉज ॲक्टबाबतचा. तिथे वादी-प्रतिवादी नसतात, खरोखर मतच मागितलेलं असतं. मत देणं बंधनकारकही नाही: अयोध्येबाबत १९९३ मध्ये पाठवलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं न्यायालयाने १९९४ मध्ये नाकारलं. हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं ‘ॲडव्हायझरी ओपिनियन’ याच जातीचं.

अमेरिकेत आणखी गंमत. तिकडे निकालपत्रालाच ‘ओपिनियन’ म्हणतात, ‘मेजॉरिटी ओपिनियन’, ‘डिसेंटिंग ओपिनियन’ वगैरे. मराठीत त्याचं ‘न्यायालयाचे मत’ केलं की निकाल हवेत विरतो. ‘बहुमताचा निकाल’, ‘विरोधी निकालपत्र’ असं करावं.

---

निर्जंतुक

दुसरं वाक्य आमच्या आळीतलं.

वैद्यकीय-न्यायवैद्यक कागदांत ‘ओपाइन’ टिकलं त्याला कारण आहे. साक्षीदाराने जे पाहिलं ते सांगायचं, मत द्यायचं नाही, हा पुराव्याच्या कायद्याचा साधारण नियम. तज्ज्ञ हा अपवाद. १८७२ च्या कायद्यात कलम ४५ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ३९. म्हणून डॉक्टरने जखमेची लांबी-रुंदी लिहिली ती नोंद, आणि ती कशाने झाली असावी हे सांगितलं ते मत. पहिल्याला ‘फाउंड’ किंवा ‘नोटेड’, दुसऱ्याला ‘ओपाइन्ड’. ‘द डॉक्टर ओपाइन्ड दॅट द वुंड वॉज फोर सेंटिमीटर्स लाँग’ हे चूक. पट्टी लावून मोजलेल्याला मत म्हणत नाहीत.

खरी चूक मात्र ‘दॅट’च्या पुढे होते. पोलीस सीलबंद शस्त्र पाठवतात आणि विचारतात की या शस्त्राने या जखमा होऊ शकतात का. डॉक्टर लिहितो, ‘पॉसिबल’. बातमीत येतं, ‘द डॉक्टर ओपाइन्ड दॅट द इंज्युरीज वेअर कॉज्ड बाय द वेपन’. संपलं! ‘होऊ शकतात’चं ‘झाल्या’ झालं. तिथे ‘कुड हॅव बीन कॉज्ड’ हवं. खात्रीच्या पायऱ्या असतात आणि त्या जशाच्या तशा उतराव्या लागतात: ‘वेअर कॉज्ड बाय’ सगळ्यात ठाम, मग ‘कन्सिस्टंट विथ’ म्हणजे जुळतंय पण दुसऱ्यानेही जुळू शकतं, मग ‘कुड हॅव बीन’, आणि ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ म्हणजे नाही असं म्हणता येत नाही, बस्स. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टातला ‘सजेस्टिव्ह ऑफ’ही असाच. त्याचं ‘कॅन्सर असल्याचे मत’ करू नका.

धागाकर्त्यांच्या वाक्यात ‘हार्ड अँड ब्लंट ऑब्जेक्ट’ आहे. कठीण आणि बोथट वस्तू, एवढंच. वाचताना लोकांच्या डोळ्यांपुढे काठी येते, पण जमीन, भिंत, गाडीचा बंपर, सगळं त्यात बसतं. डॉक्टरने हत्यार सांगितलेलं नाही.

शवविच्छेदनात विषाचा संशय असेल तर व्हिसेरा (पोटातल्या वगैरे अवयवांचे नमुने) राखून प्रयोगशाळेत पाठवतात आणि कागदावर ‘ओपिनियन रिझर्व्ह्ड पेंडिंग केमिकल ॲनालिसिस रिपोर्ट’ लिहितात. पोलिसांच्या बोलण्यात ‘सीए यायचाय’. अशा वेळी ‘डॉक्टर्स फेल्ड टू ओपाइन’ लिहिणं अन्याय आहे. मत राखून ठेवणं आणि देता न येणं यात फरक आहे.

---

काळा डगला

निर्जंतुक, +१. हस्ताक्षर तज्ज्ञांचे अहवाल यासाठी बघण्यासारखे असतात. वादग्रस्त लिखाण लाल चौकटीत, त्यावर ‘क्यू’ आणि आकडा. नमुन्याचं लिखाण निळ्या चौकटीत, त्यावर ‘एस’ किंवा कबूल लिखाण असेल तर ‘ए’. मग मत येतं ते असं: ज्या व्यक्तीने एस-१ ते एस-१० हे निळ्या चौकटीतलं लिहिलं, त्याच व्यक्तीने क्यू-१ ते क्यू-५ हे लाल चौकटीतलं लिहिलं. माणसाचं नाव नाही! नमुने अमक्याचेच आहेत हे तपास अधिकाऱ्याने वेगळं शाबीत करायचं. बातमीत मात्र ‘एक्सपर्ट ओपाइन्ड दॅट द अक्यूज्ड फोर्ज्ड द सिग्नेचर’. तज्ज्ञ एवढं म्हणालाच नव्हता.

अमेरिकन वकील हे क्रियापद आपल्याइतकंच वापरतात बरं का, तज्ज्ञ साक्षीदारासाठी, आणि तिथे त्यात हसू नसतं. त्यांच्या संघराज्य पुरावा नियमांतला ७०२ तज्ज्ञाचा. ७०४ नुसार अंतिम मुद्द्यावरही मत देता येतं, पण फौजदारी खटल्यात आरोपीच्या मनात गुन्ह्यासाठी लागणारा हेतू होता की नव्हता, हे तज्ज्ञाने सांगायचं नाही. तेव्हा ताम्हण म्हणतात तो उपरोध बाजारातला, कचेरीतला नव्हे.

---

जमाखर्च

ऑडिटवाल्यांची बाजू. आम्ही ‘ओपाइन’ लिहीत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४३ खालच्या अहवालात ‘इन अवर ओपिनियन अँड टू द बेस्ट ऑफ अवर इन्फर्मेशन’ अशी ठरलेली सुरुवात असते, तिला हात लावायचा नाही. मत चार प्रकारचं. स्वच्छ, ‘एक्सेप्ट फॉर’ (अमुक बाब वगळता) लावून क्वालिफाइड, ॲडव्हर्स म्हणजे प्रतिकूल, आणि चौथा प्रकार म्हणजे मतच न देणं, ‘डिस्क्लेमर’. त्यात वाक्य येतं, ‘वी डू नॉट एक्स्प्रेस ॲन ओपिनियन’. भाषांतरात क्वालिफाइडचं ‘पात्र मत’ केलेलं पाहिलं की कपाळाला हात लावावासा वाटतो. ‘सशर्त’ किंवा ‘अपवाद नोंदवून दिलेलं’ म्हणा.

‘ओपिनियन’बरोबर कुठली क्रियापदं जातात ते पाठच करा: फॉर्म, गिव्ह, एक्स्प्रेस, होल्ड, रिझर्व्ह. ‘से’, ‘टेल’, ‘पुट’ जात नाहीत. मत मांडायचं म्हणून ‘पुट माय ओपिनियन’ होत नाही. ‘पुट फॉरवर्ड अ व्ह्यू’ होतं.

---

चिटणीस

हाउसिंग सोसायटीच्या इतिवृत्तांबद्दल. तिथे हा शब्द नुसता कानाला खटकत नाही, पुढे भांडण लावतो. ‘मेंबर्स ओपाइन्ड दॅट पार्किंग चार्जेस बी रिव्हाइज्ड’ असं लिहिलं की वर्षभराने प्रश्न येतो: ठराव झाला होता की नुसती चर्चा? ठराव असेल तर ‘रिझॉल्व्ह्ड दॅट’, खाली सूचक, अनुमोदक, बाजूने-विरोधात किती, किंवा एकमताने. चर्चा असेल तर ‘सम मेंबर्स फेल्ट दॅट’ किंवा ‘वन मेंबर पॉइंटेड आउट दॅट’. ‘पॉइंटेड आउट’मध्येही खाच आहे: जे खरं आहे तेच ‘पॉइंट आउट’ होतं. खजिनदाराने पैसे खाल्ले असं कुणी म्हणालं आणि तुम्ही ‘पॉइंटेड आउट’ लिहिलंत, तर चिटणीस म्हणून तुम्हीच ते खरं धरलंत. तिथे ‘अलेज्ड’. ‘इट वॉज ओपाइन्ड’ ही कर्मणी रचना तर टाळाच. कोण म्हणालं ते दडवण्यासाठीच ती वापरली जाते.

---

पागोळी

पाचव्या वाक्याला कुणीच हात लावला नाही.

---

लाल पेन

लावतो. ‘आय ओपाइन’ हे विनोद सोडला तर सहसा लिहू नये. ‘ओपाइन’ हे मनातलं क्रियापद नाही, बोलण्याचं आहे. दुसऱ्याने मत दिलं हे नोंदवायला ते कामी येतं. स्वतःचं मत देताना देणं चालूच असतं, त्याची घोषणा कशाला? (मतप्रदर्शन बोलण्याचं म्हणूनच ‘ही वॉज ओपाइनिंग’ चालतं आणि मतासाठी ‘आय ॲम थिंकिंग दॅट’ चालत नाही.) रोजच्या कामाला ‘आय थिंक’, थोडं बेतशीर हवं तर ‘इन माय व्ह्यू’.

मराठी माणसाच्या दोन खास खोडी इथेच सांगून टाकतो. ‘माझ्या मते’चं ‘अकॉर्डिंग टू मी’ करू नका. ‘अकॉर्डिंग टू’ दुसऱ्या कुणाच्या हवाल्याने सांगताना, स्वतःसाठी नाही. दुसरी: ‘मला वाटतं तो येणार नाही’ याचं आपण ‘आय थिंक ही विल नॉट कम’ करतो. चूक नाही, पण इंग्रज नकार आधी घेतो: ‘आय डोंट थिंक ही विल कम’. ‘होप’ला मात्र हे लागू नाही, तिथे ‘आय होप ही डझंट कम’च. ‘आय डोंट होप’ कुणी म्हणत नाही.

---

कच्चा खर्डा

सुधारून लिहिली. १) द चीफ गेस्ट सेड दॅट… २) तसंच, पण मूळ कागदात ‘पॉसिबल’ असेल तर ‘कुड हॅव बीन कॉज्ड’. ३) रेकमेंडेड दॅट द टँक बी रिपेअर्ड. ४) हेल्ड दॅट… ५) आय थिंक वी शुड पोस्टपोन द मीटिंग. एक राहिलं: ‘ऑन’ आणि ‘अबाउट’मध्ये काय फरक? आणि ‘ओपिनियनेटेड’ कौतुक म्हणून चालेल का, ‘स्वतःची ठाम मतं असलेला’ या अर्थी?

---

ताम्हण

‘ऑन’ अधिकाराने, नेमक्या विषयावर: ओपाइन्ड ऑन द व्हॅलिडिटी ऑफ द विल. ‘अबाउट’ सैल, गप्पांच्या जवळचं. कागदोपत्री ‘ऑन’ घ्या.

‘ओपिनियनेटेड’ कौतुकाला नको. त्याचा अर्थ हेकट, आपलंच खरं करणारा. शिफारसपत्रात विद्यार्थिनीला ‘ओपिनियनेटेड’ लिहिलंत तर तिचा प्रवेश तुम्हीच अडवलात. ‘शी हॅज वेल-रीझन्ड व्ह्यूज अँड डिफेंड्स देम’ असं लिहा, आणि पुढच्याच वाक्यात एखादं उदाहरण द्या.